दोन्हीवर चालणारी गाडी

“आबा, गाडी एवढी चांगली हाय, तर तुम्ही विकताय कशाला?”

हा प्रश्न मुळात मोनालीचा नव्हताच. तो होता सुरेखाचा आणि तिच्याबरोबरच्या दोघींचा. “विचारून दाखव, हिंमत असली तर! दोन बर्फाचे गोळे लागले,” असं म्हणून त्या तिघी पोपटरावांच्या बंगल्याच्या कंपाऊंडबाहेर टाचा उंच करून उभ्या होत्या. आणि दहावीला एक्क्याऐंशी टक्के पडल्यापासून मोनालीच्या अंगात अशी काही हिंमत शिरली होती, की तिला कुणी नुसतं डिवचायचा अवकाश.

अंगणात सात-आठ माणसं बसली होती, ती एकदम गप्प झाली. केडगावात पोपटरावांना प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. पोपटराव विचारत आणि लोक ‘व्हय आबा’ म्हणत. मोनालीचे पप्पा, म्हणजे कुरकुंभच्या एका कंपनीत मशिनवर काम करणारे सतीश, ते तर बसल्या जागी घामाघूम झाले. आज ते आबांची जुनी व्हॅन बघायला आले होते आणि पोरीनं तोंड उघडलं ते असं.

पण पोपटराव हसले. “पोरगी हुशार हाय रे सतीश! अगं बाळ, मी आता जीप घेतली. एका माणसाला दोन गाड्या कशाला? आन् कुणा परक्याला देण्यापरीस आपल्या माणसाला द्यावी. म्हंजी गाडी नजरंसमोर ऱ्हाती.”

सगळे हसले. मोनालीही हसली. तिचं निम्मं लक्ष गोळ्यांकडे होतं.

त्या एका प्रश्नानं घरात तिचा भाव इतका वधारला, की गाडी कुठली घ्यायची हे पप्पांनी तिच्यावरच सोपवलं. तसाही घाट तिच्याचसाठी होता. केडगावात सायन्स नव्हतं, अकरावीला दौंड गाठायचं होतं, आणि पप्पांनी पेढे वाटतानाच सगळ्या वस्तीला सांगून टाकलं होतं, “माझी मोनाली गाडीतनं कॉलेजला जाणार.” पाहायला तीन गाड्या होत्या. पाटसची डिझेल जीप चालू केली की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी दावं तोडत. चौफुल्यावरची पेट्रोलची छोटी गाडी दिसायला गोड होती, पण पेट्रोल असं प्यायची की पप्पांचा चेहरा पंपावरच उतरला. तिसरी आबांची व्हॅन. तिला गॅसचं किट बसवलेलं होतं. स्टेअरिंगखाली एक बटण. वर केलं की गॅस, खाली केलं की पेट्रोल.

मोनालीनं वहीच्या मागच्या पानावर तिन्ही गाड्यांची गणितं मांडली आणि निकाल दिला. “पप्पा, जपानात हायब्रीड गाड्या निघाल्यात, पेपरात आलंय. पेट्रोल आन् वीज, दोन्हीवर चालतात. आपल्याकडं वीज निम्मा दिवस नसतीच, म्हणून आपली पेट्रोल आन् गॅसवर. ही आपली हायब्रीड!”

“गॅस कुठनं आणायचा पर?” आईनं भाकरी थापता थापता विचारलं.

“सगळे घरचाच लावतात, आई. लाल सिलेंडर मागच्या सीटमागं बरोबर बसतो.”

आईचा हात परातीत थांबला. घरात सिलेंडर एकच होता. नंबर लावला की तीन आठवड्यांनी दुसरा यायचा. चार वर्षांपूर्वी गॅस घरात आला त्या दिवशी तिनं परसातली चूल मोडायला घेतली होती आणि मग कोंबडी अंड्यावर बसली म्हणून राहू दिली होती. मोनालीच्या वहीत किलोमीटर होते, दर होते, हातचे घेतलेले होते. आईचा स्वयंपाक तेवढा कुठल्याच रकान्यात नव्हता.

व्हॅन दारात आली. विहारासमोर नारळ नको म्हणून पप्पांनी मेणबत्ती लावली, वस्तीतल्या पोरांनी काचेवर बोटांनी नावं लिहिली, आणि तिसऱ्याच दिवशी आबांचा निरोप आला, “सतीश, जरा गाडी आण.”

पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं होतं. मग बियाण्याच्या पिशव्या. मग आबांच्या मंडळींचा दात. आबा कधी दमदाटी करत नसत, ‘जरा’ म्हणत. आणि पप्पांच्या तोंडून ‘व्हय आबा’ असं निघे, जसा गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो. दर वेळी पान्हा घेऊन ते स्वयंपाकघरात शिरत, सिलेंडर खांद्यावर टाकत आणि निघत. पंधरा दिवसांत कोंबडीला दुसरी जागा बघावी लागली.

“काय गं चांगुणा, चुलीवर?” शेजारची धुरपदा कुंपणावरून विचारी.

“गॅस गावाला गेलाय माझा,” आई फुंकणीतनं तोंड काढून सांगे. “पोपटरावांबरोबर.”

गाव व्हॅनला अजून ‘आबांची व्हॅन’च म्हणत होतं. मोनाली चिडून सांगायची, “आमची हाय ती!” लोक म्हणायचे, “व्हय व्हय, तुमचीच. आबा कुठं गेलेत तिच्यातनं?”

जुलैत कॉलेजची यादी लागली. साठ जागा, आणि अठ्ठावन्नावं नाव मोनालीचं; तेही खुल्या यादीत. पप्पांनी तो कागद खिशात घालून कंपनीत दोन पाळ्यांना दाखवला. गुरुवारी दुपारी एकच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन पालकासह हजर राहायचं, नाहीतर जागा वेटिंगवाल्याला. एवढं सोपं होतं.

“पप्पा, साडेआठची शटल हाय. पाऊण तासात दौंड.”

“दारात गाडी आसताना आगगाडीनं जायाचं? मग घेतली कशाला?” पप्पांनी पान्हा काढला.

आई किंचाळली, “आवो, कुकरच्या दोनच शिट्ट्या झाल्यात! डाळ कच्ची हाय!”

“तिसरी मी माघारी आल्यावर घे,” असं म्हणून पप्पांनी रेग्युलेटर काढला. कुकरनं एक लांब सुस्कारा सोडला. आईनं तो सोडला नाही. तिनं कुकर उचलला आणि ती परसात गेली.

नऊ वाजता निघालेली गाडी नऊ वाजून चार मिनिटांनी चौकात थांबली. मधोमध पांढऱ्या कडक कपड्यांत आबा उभे होते.

“कुणीकडं, सतीश?”

“दौंडला, आबा. पोरीची ॲडमिशन...”

“वा वा! म्हंजी वरवंड वाटंवरच.” आबा दार उघडून पुढच्या सीटवर बसलेसुद्धा. त्या सीटवर आत्तापर्यंत मोनाली होती. ती कधी मागे सरकली ते तिलाच कळलं नाही. “हौशीराम अण्णांचा दहावा हाय. माझी जीप सकाळीच दौंडला गेली. तोंड दावतो, दोन शब्द बोलतो, की तुला मोकळा करतो.”

“एकच्या आत पोचायचंय, आबा,” मागून मोनाली म्हणाली.

“अगं, एकला किती आवकाश हाय!”

वरवंडला तळ्याच्या काठी तीनशे माणूस जमलं होतं. पिंड ठेवून झाले होते आणि कावळा शिवत नव्हता. समोरच्या बाभळीवर चांगले अकरा कावळे बसले होते, मोनालीनं मोजले; पण एकही खाली यायला तयार नव्हता. “अण्णांची इच्छा राहिली आसंल,” कुणीतरी म्हणालं. मग थोरल्या मुलानं हात जोडून सांगितलं की धाकट्याचं लग्न करू. कावळे ढिम्म. बोअर पाडू. ढिम्म. बांधाचं भांडण मिटवू, म्हटल्यावर दोन कावळे उडाले, पण उलट्या दिशेला.

मोनाली आणि पप्पा माणसांच्या मागे उभे होते. त्यांच्या घरात हा विधी आजोबांच्या काळापासून बंद होता. पण त्या तीनशे माणसांत कावळ्याची सगळ्यात जास्त वाट तीच दोघं बघत होती.

“पप्पा, दहा वाजले.”

“शिवंल आता.”

“पप्पा, साडेदहा.”

“शू! असल्या ठिकाणी घड्याळ बघू नये.”

पावणेअकराला एका म्हाताऱ्या कावळ्याला दया आली. मग भाषणं सुरू झाली. बाजार समितीची निवडणूक तोंडावर असल्यानं श्रद्धांजली वाहणारे अकरा निघाले, कावळ्यांएवढेच. आबा सर्वांत शेवटी उठले आणि पंचवीस मिनिटं बोलले. “हौशीराम अण्णांचा मोठेपणा सांगू का तुम्हाला? अण्णांनी जन्मात कुणाचा वेळ वाया घालवला नाही,” हे वाक्य त्यांनी तीन वेळा म्हटलं. मोनालीनं दोन्ही हातांनी फाईल आवळून धरली, नाहीतर तिनं टाळी वाजवली असती.

पावणेबाराला आबा परत आले. बरोबर त्यांची आत्या सरूबाई, तिची काठी आणि बुंदीचा डबा. “आत्याला पाटसला सोडायचं. वाटंवरच हाय.” सरूबाईंना मागे चढवायला दहा मिनिटं लागली. आत बसल्यावर त्यांनी सिलेंडरवर हात टेकवला आणि विचारलं, “ही टाकी फुटत तर न्हाई ना गं पोरी?”

“न्हाई आजी,” मोनाली म्हणाली, “ती नुसती संपती.”

आणि संपली. पाटस तीन किलोमीटर राहिलं असताना गाडीनं दोन आचके दिले. पप्पांनी ऐटीत बटण खाली केलं. “काळजी करू नका आबा, दोन्हीवर चालती.” गाडी पेट्रोलवर शंभर पावलं गेली, खोकली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. तो घेतल्या दिवसापासून अर्ध्यावरच होता. गॅस आहे म्हणून पेट्रोल कुणी भरलं नव्हतं आणि पेट्रोल आहे म्हणून गॅस कुणी हलवून पाहिला नव्हता. दोन्हीवर चालणारी गाडी दोन्हीवर बंद पडली होती.

“सतीश, गाडीकडं लक्ष न्हाई तुझं,” आबा खाली उतरून सावलीत गेले. “माझ्याकडं हुती तवा कवा बंद पडली न्हाई.”

“चुकलंच, आबा.”

मोनालीनं पप्पांकडे पाहिलं. ते खरंच शरमले होते. पोरीपुढे नाही, आबांपुढे. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

आबांनी मोबाईल काढला. वीस मिनिटांत त्यांची जीप दौंडकडून धुरळा उडवत आली. ड्रायव्हर भैरू उतरला.

“सत्यजीतला सोडलं का?” आबांनी आपल्या पोराची चौकशी केली.

“व्हय आबा. सकाळपासनं कालेजात बसवलंय दादाला. वेटिंगला पयलाच नंबर हाय. सायेब म्हनला, एकपातूर थांबा.”

“बसू दे.” आबा जीपमध्ये चढत समाधानानं म्हणाले, “दरवर्साला एखादं येतच न्हाई बघ. ज्याचं त्याचं नशीब.”

मोनालीनं फाईल काखेत मारली. ती पुढे झाली. “आबा, ते एखादं न येणारं म्हंजी मीच. मला तेवढं दौंडला सोडा ना. अजून वीस मिनिटं हायेत.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना तिची दया आली असावी, कारण त्यांचा आवाज अगदी मऊ झाला. “अगं बाळ, मला माघारी जायाचंय, चौफुल्याला. पॅनलची मीटिंग. उलट्या अंगाला कसं येऊ सांग? आत्या, चला, आज आमच्याकडंच ऱ्हावा.”

“जावा आबा तुम्ही,” पप्पा घाईनं म्हणाले. “आमचं आम्ही बघतो. उशीर नको व्हायला तुम्हास्नी.”

जीप गेली. बुंदीचा डबाही गेला. मोनाली रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो तिनं अक्षरशः अडवला.

“पप्पा, चला! पालकाची सही लागती!”

पप्पांनी एकदा टेम्पोकडे पाहिलं, एकदा व्हॅनकडे. “अगं, सिलेंडर हाय आत. आबांची गाडी अशी रस्त्यात टाकून कसं...”

वाक्य अर्ध्यात तुटलं. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं की नाही, कोण जाणे; मोनालीच्या ध्यानात पक्कं आलं. ती एकटीच गोण्यांवर चढली.

कॉलेजच्या ऑफिसात पोचली तेव्हा एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. क्लार्कनं चष्म्यावरून तिच्याकडे आणि तिच्या केसांतल्या कांद्याच्या सालपटांकडे पाहिलं.

“अठ्ठावन्न नंबर? एक वाजून एक मिनिटानं तीनदा पुकारलं नाव. वेटिंगवाला सकाळपासून बसलेला. दिली त्याला.”

“सर, गाडी बंद पडली...”

“मग शटलनं यायचं. शटल कुठं बंद पडते?”

बाकावर सत्यजीत वडापाव खात बसला होता, मांडीवर पावती. तिला बघून तो उठला. वडापाव कुठे ठेवावा ते त्याला सुचेना.

“शपथ, मोनाली, तुझी सीट हाय ते मला म्हाईत न्हवतं.”

“आता झालं ना म्हाईत? दे मग माघारी.”

“आबा मारतील,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “मला तर सायन्स नकोच हुतं गं. मला टेम्पो घेऊन द्या म्हणलं हुतं.”

त्याच्यावर धड रागावताही येईना. मोनाली पुन्हा खिडकीशी गेली आणि हलेचना. क्लार्कनं शेवटी वैतागून रजिस्टर उघडलं. “हे बघ मुली, वेटिंगला आता पहिलं नाव तुझं लिहितो. उद्या कॉलेज सुरू. मागच्या साली वीस जणांनी ॲडमिशन घेऊन तोंड दाखवलं नाही, म्हणून प्राचार्यांनी नियम केलाय. पहिल्या दिवशी अकराच्या हजेरीला जो नसेल, त्याचं नाव कट. पण लगेच हुरळू नको. पहिल्या दिवशी सगळे येतात.”

तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग स्टेशनवर गेली, तिकीट काढलं, शटलमध्ये खिडकीशी बसली आणि पाऊण तासात केडगावला उतरली. गाडी कुठेही खोकली नाही. कावळ्यासाठी थांबली नाही. हे तिला इतकं झोंबलं, की रडूसुद्धा तेव्हाच आलं.

पप्पा संध्याकाळी परतले. पाटसहून बाटलीत पेट्रोल आणून त्यांनी व्हॅन घरापर्यंत आणली होती. बाटलीच्या तळाशी थोडं उरलंही होतं. रिकामा सिलेंडर त्यांनी जागेवर नेऊन ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. चुलीवर सकाळची डाळ अजून शिजत होती. ती आता शिजेल असं आईलाही वाटत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. आबा फाटकापाशीच थांबले. ते कधी उंबऱ्याच्या आत येत नसत. त्यांना घाई असते, असं पप्पा म्हणत. भैरूनं पेढ्यांचा पुडा पप्पांच्या हातात दिला.

“सत्यजीतला सायन्स मिळालं,” आबा म्हणाले. “पोरीचं कळलं. वाईट वाटलं. पुढल्या सालाला बघू, मी बोलतो प्राचार्यांशी. बरं, एक काम हुतं. उद्या प्रचाराला जीप लागणार दिवसभर. आन् तुझी व्हॅन तशी रिकामीच हाय आता. सत्यजीतला दौंडला सोड. अकराला हजेरी हाय म्हणं, तेवढं बघ. आसं कर, रोजचंच धर.”

“व्हय आबा,” पप्पांचा गुडघा उडाला.

जीप गेली. पप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन तसेच दारात उभे राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते. आणि धूर तर परसात होता. “काय करू मग?” ते कुणी काही न विचारताच म्हणाले. “न्हाई कसं म्हणायचं त्यांना? एवढी वर्सं...” मग रिकाम्या सिलेंडरकडे बघत, “गॅस तर संपला. धुरपदाकडं मागून बघतो सिलेंडर.”

“खबरदार!” आई फुंकणी घेऊनच आत आली. “माझी चूल पेटवली ती पेटवली, आता तिची बी पेटवताय?”

मोनालीनं पुडा सोडला, एक पेढा तोंडात टाकला आणि तो पूर्ण संपवला. पेढा चांगला होता.

“आई, तू गप ऱ्हा. पप्पा, तुम्ही पण ऐका, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “धुरपदाकाकूंना काही मागू नका. पेट्रोल पण भरू नका. सकाळी बरोबर साडेनवाला व्हॅन आबांच्या दारात लावा आन् सत्यजीतला पुढच्या सीटवर बसवा, मानानं. बाटलीतलं आहे ते वरवंडपर्यंत पुरतंय. आन् मी सहीला आईला घेऊन साडेआठच्या शटलनं चाललेय दौंडला, हजेरीला.”